कलाभवन आणि हाताची विद्या

दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका संध्याकाळी आमच्या थोरल्या बंधूंचा नातू एक छापील पत्रक घेऊन आमच्याकडे आला. तो यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास होता. पत्रकावर पंचवीस-तीस प्रकल्पांची नावे आणि प्रत्येकासमोर किंमत. सौरशक्तीवर चालणारा फवारा, पावलांच्या दाबावर वीज, आपोआप उघडणारे फाटक, असे पुष्कळ काही. पैसे भरले की पेटीत बसविलेले यंत्र, बांधलेला अहवाल आणि तोंडी परीक्षेत येणारे प्रश्न उत्तरांसह घरपोच मिळणार. चौघांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला दोन हजार रुपये येत होते आणि तेवढे मागण्यासाठी चिरंजीव आमच्याकडे आले होते. वडिलांकडे मागण्याची सोय नसावी.

आम्ही रागावलो, हे सांगावयास नकोच. कलाभवनाच्या गावात जन्म घेऊन तू प्रकल्प विकत आणणार काय, असे बरेच बोललो. मुलाने सारे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "आजोबा, तुम्ही सारखं कलाभवन, कलाभवन म्हणता. तिथं वेगळं काय होतं, ते तरी सांगा." त्या दिवशी आम्हांस धड उत्तर देता आले नाही. बडोद्यातल्या आपल्या घराघरांतून कलाभवनाचा अभिमान आहे, पण तेथे नेमके काय घडत होते हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? त्यानंतर मिळाले तेवढे वाचले. हा लेख म्हणजे त्या मुलास द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे, आणि त्यात थोडी आमची कबुलीही आहे.

कलाभवन १८९० साली सुरू झाले. त्या वेळी आपल्या देशात अभियांत्रिकी शिक्षण नव्हते असे नाही. रुडकीचे महाविद्यालय १८४७ चे. पुण्यात १८५४ साली इंजिनीयरिंगचा वर्ग व यांत्रिक शाळा निघाली, तिचेच पुढे कॉलेज ऑफ सायन्स आणि १९११ साली कॉलेज ऑफ इंजिनीयरिंग झाले. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ साली निघाली. परंतु रुडकी काय किंवा पुणे काय, या संस्थांचा जन्म सार्वजनिक बांधकाम खात्याच्या गरजेतून झाला होता. रस्ते, पूल, पाटबंधारे यांची कामे पाहण्यासाठी सरकारला माणसे हवी होती. त्या शिक्षणाचा दर्जा हलका होता असे कोणी समजू नये. १८८३ साली पुण्याच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या विश्वेश्वरय्यांनी पुढे खडकवासल्यास पुराच्या पाण्याबरोबर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले, हे एक उदाहरण पुरे. पण त्या शिक्षणाचे तोंड कचेरीकडे होते. शिकलेला मनुष्य नकाशा, मोजमाप आणि खर्चाचा अंदाज करी, आणि प्रत्यक्ष हातोडा दुसऱ्याच्या हाती असे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांना निराळेच काही हवे होते. १८८७ साली त्यांचा युरोपचा पहिला प्रवास झाला आणि तिकडच्या कारखानदारीचा त्यांच्या मनावर फार परिणाम झाला. त्यांना माणूस मिळाला तो त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. जन्म १८६३, गाव सुरत, आणि आडनावच सांगते त्याप्रमाणे घराणे सुतारांचे. गज्जर बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. सुताराच्या घरातला मुलगा रसायनशास्त्राचा पंडित व्हावा आणि त्याच्याच हाती नव्या संस्थेची सूत्रे यावीत, हा योग आम्हांस इमारतीच्या घुमटांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आमच्या पांढरपेशा समाजात जे दोन पुरुष सहसा एका घरात नांदत नाहीत, ते या एका माणसात एकत्र होते.

त्या काळी रंगाऱ्यांवर कोणते संकट होते ते पाहिले म्हणजे कलाभवनात रंगकामास एवढे महत्त्व का मिळाले ते कळते. मंजिष्ठाच्या मुळातला लाल रंग म्हणजे अलिझरीन. तो कोळशाच्या डांबरापासून प्रयोगशाळेत तयार करण्याची रीत जर्मन रसायनज्ञांनी १८६९ च्या सुमारास शोधून काढली, आणि थोड्याच वर्षांत कृत्रिम रंगांचे डबे आमच्या बाजारात येऊन थडकले. पिढ्यान्‌पिढ्या पातेल्यावर हात बसलेल्या रंगाऱ्याला या नव्या भुकटीचा स्वभाव कळेना. फटकीचे पाणी आधी दिलेल्या कापडावर हाच अलिझरीन लाल उतरतो, आणि लोहक्षाराचे पाणी दिलेल्या कापडावर जांभळा-काळसर होतो. पाणी जड असले तर निराळीच छटा. असे का होते, हे ज्याला रसायनशास्त्र येते त्याने सांगावयाचे. पण रंग पक्का बसला की नाही, हे सांगणार कापडच. ते धुवून उन्हात टाकले की खरे-खोटे दुपारपर्यंत कळते. या विद्येत पुस्तक आणि पातेले यांची फारकत करताच येत नाही. गज्जरांनी रंगकाम हा कलाभवनाचा मोठा विभाग केला, त्यासाठी जर्मनीहून तज्ज्ञ आणविला, आणि येथून शिकून गेलेले विद्यार्थी अहमदाबाद-मुंबईच्या गिरण्यांतून रंगखात्यावर लागले. चित्रकला, स्थापत्य, यंत्रकाम, विणकाम असे इतर विभागही होते.

दुसरी गोष्ट भाषेची. कलाभवनात शिकविणे गुजरातीतून चाले. दरबारात मराठी, वरिष्ठ शिक्षणात इंग्रजी आणि या शाळेत मात्र रयतेची भाषा. गज्जरांचे म्हणणे असे की कारागिराच्या मुलाला आधी पाच वर्षे इंग्रजी शिकवून मग भट्टीपाशी न्यावयाचे म्हटले तर तो भट्टीपर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून त्यांनी शास्त्रीय ग्रंथांची भाषांतरे करविली आणि परिभाषा तयार करण्याचे कामही हाती घेतले. आमच्या हैदराबादच्या वाचकांना येथे उस्मानिया विद्यापीठाची आठवण होईल. तेथे उर्दूतून उच्च शिक्षण देण्यासाठी भाषांतराची स्वतंत्र संस्थाच काढली होती. मात्र बडोद्याचा हा प्रयत्न त्याच्या जवळजवळ पाव शतक आधीचा आहे, एवढे अभिमानाने नोंदवितो.

मराठी माणसाच्या दृष्टीने कलाभवनाचे सर्वांत मोठे नाव धुंडिराज गोविंद फाळके. जे. जे. कला शाळेतून बाहेर पडून ते वडील बंधूंबरोबर बडोद्यास आले आणि कलाभवनात दाखल झाले. रंगचित्रे, मूर्तिकाम, छायाचित्रण, असे जे जे हाती लागेल ते ते या तरुणाने केले. १८९० सालीच त्यांनी छायाचित्रणाचे यंत्र विकत घेतले. १८९२ साली अहमदाबादच्या प्रदर्शनात नाट्यगृहाची प्रतिकृती करून सुवर्णपदक मिळविले. येथवर आपल्याला सर्वांना माहीत असते. आम्हांस अधिक बोलकी वाटते ती पुढची हकिकत. गज्जरांनी या विद्यार्थ्याचा हात ओळखला, छायाचित्रणाची खोली व प्रयोगशाळा त्याच्यासाठी मोकळी ठेवली, आणि तीनरंगी ठसे व छपाईच्या काही रीती शिकण्यासाठी त्यास रतलामला एका जाणत्या कारागिराकडे पाठविले. प्राचार्याने आपल्या हुशार विद्यार्थ्याला, जे आपल्याकडे नाही ते शिकण्यासाठी, दुसऱ्या गावच्या कारागिराच्या पायाशी बसविणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पुढे वीस वर्षांनी चलच्चित्राच्या धंद्यासाठी भांडवल उभारताना फाळक्यांनी काय केले? एका कुंडीत वाटाण्याचे बी लावले आणि ते उगवून वेल होईपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण केले. ती छोटीशी फीत पाहून पैसे देणारा मिळाला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आजच्या अभ्यासक्रमाच्या भाषेत वाटाण्याची ती कुंडी म्हणजे फाळक्यांचा प्रकल्प. त्याला गुण कोणी दिले नाहीत, पैसे दिले.

खुद्द गज्जर मात्र कलाभवनात फार काळ राहिले नाहीत. १८९६ मध्ये ते बडोदे सोडून मुंबईस विल्सन कॉलेजात गेले. त्याच साली मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास कोणीतरी डांबर फासले. हे काम आपले, असे दामोदर चापेकरांनी पुढे सांगितले. डांबराचे डाग निघेनात. ते अखेर गज्जरांनी रसायनांच्या साहाय्याने काढले, आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. चापेकरांबद्दल हृदयात आदर असलेल्या आमच्या आजोबांना ही गोष्ट सांगताना नेहमी थोडी अडचण वाटे. डाग काढणाऱ्याची विद्या तर मान्य करावयाची, पण डाग गेल्याचा आनंद मानावयाचा की नाही, हे ठरत नसे. असो. १९०७ साली निघालेल्या अलेंबिक या रसायन कारखान्याच्या संस्थापकांत गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि अमीन ही नावे एकत्र येतात. गुरुशिष्यांनी मिळून कारखाना काढावा, हे कलाभवनाच्या वळणाला शोभण्यासारखेच झाले.

आता घरची गोष्ट. आमचे पणजोबा हुजूर कचेरीत कारकून होते, आजोबाही तेथेच लागले. आमच्या वडिलांना मात्र लहानपणापासून यंत्रांचे वेड. मॅट्रिक झाल्यावर कलाभवनात जाण्याची त्यांची फार इच्छा होती. आजोबांनी एका वाक्यात विषय मिटविला. म्हणाले, लोहारकामच करावयाचे तर मॅट्रिकपर्यंत शिकविले कशाला? वडील कारकून झाले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. माळ्यावरच्या एका पत्र्याच्या पेटीत त्यांची हत्यारे असत. रविवारी दुपारी आजोबा निजले की ते पेटी उतरवीत आणि वाड्यातल्या कोणाचे घड्याळ, कोणाचा स्टोव्ह दुरुस्त करीत. चारच्या सुमारास पेटी पुन्हा माळ्यावर जाई. आजोबा वारल्यानंतरही कित्येक वर्षे वडील चारच्या ठोक्याला हत्यारे आवरीत असत.

हे घरगुती दुखणे येथे मांडण्याचे कारण असे की ते केवळ आमच्या घरचे नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांत सेवेच्या निमित्ताने आलेल्या आपल्या बहुतेक घराण्यांची रोजी लेखणीवर होती. कलाभवनाचा अभिमान आपण बाळगला, पण मुले पाठविताना पुष्कळांनी बडोदे कॉलेजच पसंत केले. बेळगावच्या वाचकांना लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण अधिक जवळचे. ज्युबिली इन्स्टिट्यूटमधली यंत्ररेखनाची मास्तरकी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले आणि मग लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी तो घेईनात, तयार नांगर पडून राहिले. मास्तरकीतला स्थिर पगार आणि दुकानात न खपलेले नांगर यांत आपल्यापैकी किती जणांनी दुसरा पर्याय निवडला असता?

आता कोणी म्हणेल की हाताचे काम अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात नेहमीच होते. वर्कशॉप कोठे नव्हते? हा आक्षेप बरोबर आहे आणि येथेच खरी मेख आहे. मॉस्कोच्या शाही तांत्रिक विद्यालयाचे संचालक व्हिक्टर डेला-वोस यांनी १८६८ च्या सुमारास एक नवी पद्धत बसविली. कारागिरीचे लहान लहान तुकडे पाडावयाचे: कानशीने सपाट घासणे, काटकोन आणणे, लाकडाचा सांधा जोडणे, लोखंड जोडणे. प्रत्येक तुकडा सोप्याकडून अवघडाकडे क्रमाने शिकवावयाचा. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले, एमआयटीचे अध्यक्ष रंकल ते पाहून भारावले आणि ही रीत अमेरिकेत गेली. पन्नास मुलांना एकाच वेळी, एकाच मास्तराने शिकविण्यास ती फार सोयीची. आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये जो 'जॉब' करतात, तो याच जातीचा. लोखंडाचा चौकोनी तुकडा घासावयाचा, त्यात खाच पाडावयाची, दुसरा तुकडा त्यात बसवून दाखवावयाचा. मास्तर प्रकाशाकडे धरून फट पाहतात, वहीत सही करतात आणि तुकडा भंगारात जातो.

हात बसण्यास हा सराव चांगलाच. पण त्या तुकड्याची जगात कोणाला गरज नसते, तो चुकला तर कोणाचे नुकसान होत नाही आणि जमला तर कोणाचे काम अडलेले सुटत नाही. कलाभवनाच्या रंगखात्यातला मुलगा कापडाचा ताणा रंगवी तेव्हा त्या कापडाला उद्या गिऱ्हाईक मिळावयाचे असे. आमच्या मते 'वेगळं काय होतं' या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. तेथे काम आधी आले, आणि त्या कामाला जे शास्त्र लागेल ते मागून, पण पूर्णपणे शिकविले गेले.

स्वातंत्र्यानंतर गाडी दुसऱ्या रुळावर गेली. सरकार समितीच्या शिफारशीवरून १९५१ साली खरगपूरची पहिली आयआयटी निघाली. कानपूरच्या संस्थेस १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकी विद्यापीठांचे साह्य होते. खुद्द अमेरिकेत १९५५ सालच्या ग्रिंटर समितीच्या अहवालाने गणित आणि मूलभूत शास्त्रे यांवर भर देण्याचा आणि कारखानी कौशल्याचे तास कमी करण्याचा सल्ला दिला होता. अणुशक्ती, क्षेपणास्त्रे, संगणक यांच्या युगात तो चुकीचा नव्हता. मोठ्या संस्थांकडे त्याबरोबर उत्तम प्रयोगशाळाही होत्या. आपल्याकडे गावोगाव निघालेल्या महाविद्यालयांनी त्यातली फळ्यावरची समीकरणे तेवढी घेतली, कारण खडूला खर्च येत नाही. कलाभवनही १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाले. पदवी आली, प्रतिष्ठा आली, इंग्रजी आली. आमच्या आजोबांची हरकत तिथे संपली असती.

मग उलट्या दिशेने प्रयत्न सुरू झाले. अमेरिकेत वूस्टर येथील पॉलिटेक्निक संस्थेने १९७० साली प्रकल्पांभोवतीच सारा अभ्यासक्रम रचला. आपल्या देशात बिट्स पिलानीने संचालक मित्रा यांच्या कारकिर्दीत, १९७३ पासून, 'प्रॅक्टिस स्कूल' आणले. विद्यार्थी आधी दोन महिने आणि पुढे एक पूर्ण सत्र कारखान्यात जाऊन तेथला खरा, अडलेला प्रश्न हाती घेतो. आम्हांस त्यातली एक बारीक गोष्ट मोलाची वाटते: विद्यार्थ्यांबरोबर प्राध्यापकही तेथे मुक्काम करतो. ज्याने स्वतः कधी कामाचा घाम गाळला नाही त्याने प्रकल्प तपासावा, ही आपली जुनी पंचाईत त्यातून थोडी तरी सुटते. अलीकडे, २०१८ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नमुना अभ्यासक्रम १६० श्रेयांकांवर आणला, तो विषयांचे ओझे उतरवून प्रकल्पांना व कारखान्यातल्या उमेदवारीला जागा व्हावी म्हणूनच. हेतू उत्तम. पण जागा केली म्हणजे तेथे काम येऊन बसतेच असे नाही, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

आता कबुली. राज्य शासनाच्या सेवेत असताना एकदा आम्ही एका तपासणी समितीबरोबर सचिव म्हणून गेलो होतो. कोणते महाविद्यालय, कोणते साल, ते सांगत नाही. वर्कशॉपमध्ये आठ लेथ यंत्रे ओळीने उभी होती. आम्ही पदवीने कला शाखेचे, यंत्रातले काही कळत नाही. पण वडिलांची पेटी पाहत वाढलो असल्याने तेलाचा वास आम्हांस कळतो. तेथे चालत्या यंत्राच्या तेलाचा वास नव्हता. जवळ जाऊन पाहिले, तर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून येताना फासलेले ग्रीस तसेच होते आणि त्यावर धुळीचा थर. दुसऱ्या खोलीत मुलांच्या प्रयोगवह्या नीट लावून ठेवल्या होत्या. त्याच यंत्रांवर केलेल्या प्रयोगांचे आकडे त्यांत होते आणि खाली सह्या होत्या. वीस वह्यांतले आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखे. समितीतल्या तज्ज्ञांनाही ते दिसले असावे. जेवण उत्तम होते. अहवालाचा मसुदा आम्ही लिहिला आणि 'वर्कशॉप' या रकान्यात 'समाधानकारक' हा शब्द आमच्याच हाताने लिहून सही केली. परतताना गाडीत कोणी त्याविषयी बोलले नाही. त्या खोलीतल्या मुलांनी पुढे चार वर्षे काय केले असेल, कोणाकडून कोणते प्रकल्प विकत घेतले असतील, ते देव जाणे. पत्रक घेऊन आलेल्या नातवावर आम्ही रागावलो, तेव्हा ही सही आमच्या डोळ्यांसमोर होती, आणि आवाज चढण्याचे खरे कारण तेच असावे.

दोन हजार रुपये आम्ही दिले, पण पेटीसाठी नव्हे. आमच्या मराठी वाचनालयात जुन्या ग्रंथांची एक खोली आहे. दर पावसाळ्यात तेथे बुरशी चढते, कसर लागते. ग्रंथपाल बाई दरवर्षी कार्यकारिणीस पत्र लिहितात आणि कार्यकारिणी दरवर्षी डांबराच्या गोळ्या मंजूर करते. ती खोली मुलास दाखविली आणि म्हटले, हे काम अडलेले आहे, बघ काही होते का. त्याचे तीन सोबती आढेवेढे घेत होते, त्यांतला एक टिकला. दोघांनी बाजारातून हवेतला दमटपणा मोजणारा इवलासा मोजक, अर्डुइनोची पाटी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा आणला. आतला दमटपणा पासष्ट टक्क्यांवर गेला की पंखा सुरू व्हावयाचा, अशी योजना. श्रावणात तो बसविला. झड लागली, पंखा तीन दिवस अखंड फिरला आणि चौथ्या दिवशी ग्रंथपाल बाईंचा फोन आला की पुस्तकांची पाने कुरळी झाली आहेत, तुमचे यंत्र आधी घेऊन जा.

मुले खजील झाली. पंखा आतली हवा बाहेर फेकत होता, तेवढीच बाहेरची चिंब हवा फटींतून आत येत होती. मग बाहेरही एक मोजक लावला. पण नुसती टक्केवारी ताडून पाहण्यातही फसगत होती. रात्री बाहेरची हवा टक्केवारीत अधिक दमट दिसते, परंतु ती थंड असल्याने तिच्यात प्रत्यक्ष पाणी आतल्या हवेपेक्षा कमी असू शकते. दुपारी उलटही घडते. तेव्हा तपमान आणि दमटपणा दोन्ही धरून हवेत वस्तुतः पाणी किती, हे काढावयास हवे. त्या रात्री नातवाने आमच्या समोर आपले जुने पुस्तक काढले. त्यात या विषयाचा पूर्ण धडा होता, आणि तक्ताही होता. आदल्याच वर्षी त्या धड्यावरचे उदाहरण त्याने परीक्षेत सोडविले होते आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. म्हणाला, "हे ह्यासाठी होतं होय!"

भाद्रपदात सुधारलेले यंत्र लागले. आता पंखा अधिक वेळ बंदच असतो, आणि बाहेरची हवा खरोखर कोरडी असेल तेवढाच वेळ फिरतो. पंख्याच्या आवाजाबद्दल वाचकांची तक्रार आली, म्हणून त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. ती युक्ती आमच्या वडिलांच्या पेटीतून आलेली. मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. इतर गटांचे अहवाल शंभर-सव्वाशे पानांचे, सोनेरी अक्षरांत बांधलेले. यांचा अडतीस पानांचा, आणि त्यातली सहा पाने श्रावणातल्या फजितीची. परीक्षकांनी अहवाल एवढा लहान का, असे विचारले. गुण वर्गातल्या सरासरीहून थोडे कमीच पडले.

या पावसाळ्यात आम्ही वाचनालयात गेलो होतो. एक तार उंदराने कुरतडली होती, ती ग्रंथपाल बाईंनी नातवाला फोन करून, त्याने सांगितले तशी, स्वतः जोडली. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास अजून आहे. कार्यकारिणीने त्या यंदाही मंजूर केल्या आहेत.